नळाचे पाणी, रात्रीची गळती आणि थोडे गणित

पावसाळ्यात जुलाब किंवा कावीळ झालेले रुग्ण हमखास म्हणतात, "डॉक्टर, आम्ही तर नळाचंच पाणी पितो!" मी उलट विचारतो, नळाला पाणी किती वेळ येते? पाणी बंद असताना पाइपातला दाब जातो आणि फुटक्या जागेतून गटाराचे पाणी आत शिरू शकते. नळ आल्यावर पहिले पाणी गढूळ येण्याचे हे एक कारण.

1870 च्या सुमारास इंग्लंडमधल्या लिव्हरपूलचीही हीच गत होती. गळती इतकी, की पाणी ठरावीक वेळच सोडावे लागे. तिथले अभियंते जॉर्ज डीकन यांनी 1873 मध्ये एक मीटर बनवला. घड्याळाच्या यंत्रावर फिरणाऱ्या कागदावर पेन्सिल प्रवाहाची रेघ ओढत राही. शहराचे छोटे भाग पाडून त्यांचे पाणी या मीटरमधून मोजले जाऊ लागले. मध्यरात्री सगळे झोपल्यावर रेघ खाली यायला हवी. ती वरच राहिली, तर पाणी जमिनीत मुरतेय! मग माणसे रात्री रस्तोरस्ती फिरून व्हॉल्व्हच्या लांब चावीला कान लावत आणि गळतीचा आवाज शोधत. आमचा स्टेथोस्कोपच म्हणा ना! गळती आवरली, तसे लिव्हरपूलला पुन्हा चोवीस तास पाणी मिळू लागले.

पण शहराचे भाग पाडायचे कुठे? चुकीचा व्हॉल्व्ह बंद केला, तर टोकाच्या घरांना दाब मिळत नाही. शिवाय बंद टोकाला पाणी साचून राहते, त्यातले क्लोरीन संपत जाते आणि जंतूंना मोकळे रान मिळते. इथे गणित कामाला येते. 1736 मध्ये ऑयलर यांनी क्योनिग्जबर्गच्या सात पुलांचे कोडे सोडवले, तिथून ग्राफ थिअरी सुरू झाली. हा ग्राफ म्हणजे शाळेतला आलेख नव्हे, तर बिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या रेषा. आपल्याकडे पाइपांचे सांधे हे बिंदू, पाइप या रेषा. असे जाळे किती घट्ट जोडलेले आहे, ते एका आकड्यात मोजण्याची रीत मिरोस्लाव फिडलर या चेक गणितज्ञांनी 1973 मध्ये मांडली. त्यातून निघालेल्या पद्धतींनी कमीत कमी पाइप बंद करून जाळे कुठे विभागता येईल, हे संगणक सुचवतो. दाब आणि क्लोरीन मात्र तिथे जाऊनच तपासावे लागते.

तुमच्या गल्लीत व्हॉल्व्हचे काम झाल्यापासून पाण्याला वास येत असेल, तर तक्रारीत ती तारीख जरूर लिहा. तोवर पाणी उकळून प्या.