जीव वाचल्यानंतरचा डॉक्टर

वाचकहो, आपल्या समाजातील कोणत्याही पालकाला विचारा, "मुलाला पुढे काय करायचे?" मुलाचे गुण बरे असतील तर उत्तर ठरलेलेच असते : डॉक्टर! आणि डॉक्टर म्हणजे सर्जन, नाही तर हृदयाचा तज्ज्ञ. परंतु जीव वाचला आणि हातपाय गेले, अशा माणसाला पुन्हा उभे करणारा डॉक्टरही असतो, हे आपल्यापैकी कितीजणांना ठाऊक आहे? या शाखेला भौतिक चिकित्सा व पुनर्वसन असे म्हणतात. तिचे डॉक्टर कसे घडू लागले, हा इतिहास बोधप्रद आहे.

मूळ कल्पना आपल्याला परकी नाही. थोर हकीम इब्न सीना (मृत्यू १०३७) यांनी आपल्या 'अल्-कानून' या ग्रंथात व्यायाम, मालिश व स्नान यांचा स्वतंत्र विचार केला आहे. पण ज्ञान असणे वेगळे आणि ते शिकवण्याची शिस्त असणे वेगळे. पदवीनंतर डॉक्टराने काही वर्षे रुग्णालयातच राहून, वरिष्ठांच्या देखरेखीखाली शिकायचे, ही निवासी डॉक्टरांची पद्धत अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात रुजली. हे रुग्णालय १८८९ साली उघडले. पुढे शस्त्रक्रिया, औषधशास्त्र अशा शाखांना ही पद्धत लाभली. पुनर्वसनाला मात्र बराच काळ वाट पाहावी लागली.

ती वाट फ्रँक क्रुसेन या डॉक्टराने मोकळी केली. तरुणपणी त्यांना स्वतःलाच क्षयाने गाठले व आरोग्यधामात राहावे लागले. रोग हटला तरी माणूस कामाला निरुपयोगी होऊन घरी जातो, हे त्यांनी तेथे जवळून पाहिले. १९२९ साली फिलाडेल्फियाच्या टेंपल विद्यापीठात त्यांनी या विषयाचा विभाग काढला. नंतर १९३६ साली मेयो क्लिनिकमध्ये विभाग सुरू करून डॉक्टरांसाठी तीन वर्षांचा निवासी अभ्यासक्रम आखला. अमेरिकेतील या शाखेचा तो पहिलाच होय. त्या काळी शेक आणि मालिश म्हणजे वैद्यकच नव्हे, असे मानणारे पुष्कळ होते. क्रुसेन वाद घालत बसले नाहीत. त्यांनी विद्यार्थी घडवले.

मग दुसरे महायुद्ध आले. जखमी सैनिक वाचू लागले, पण पुढे काय? डॉ. हॉवर्ड रस्क हे सेंट लुईसचे डॉक्टर १९४२ साली हवाई दलाच्या सेवेत गेले. बरे होत असलेले जवान दिवसभर छताकडे पाहत पडून राहतात, हे त्यांना खटकले. त्यांनी छताला विमानांच्या प्रतिकृती टांगल्या, वर्ग भरवले, व्यायाम सुरू केले. शिक्षक म्हणून मला ही गोष्ट विशेष भावते : रुग्णालयाची त्यांनी शाळाच केली! याच सुमारास बर्नार्ड बरूक या धनिकाने, डॉक्टर असलेल्या आपल्या वडिलांच्या स्मरणार्थ, या विषयाच्या शिक्षणासाठी दहा लाख डॉलरांहून अधिक रक्कम दिली. १९४७ साली तज्ज्ञांची परीक्षा घेणारे मंडळ स्थापन झाले आणि १९४९ साली त्याच्या नावात 'पुनर्वसन' हा शब्द आला.

भारताची कथा याहून हृदयस्पर्शी आहे. वेल्लोरच्या तरुण डॉक्टर मेरी वर्गीज यांना १९५४ साली मोटार अपघात झाला व कमरेखालचे शरीर कायमचे लुळे पडले. चाकाच्या खुर्चीत बसून त्या कुष्ठरोग्यांच्या हातांवर शस्त्रक्रिया करू लागल्या. मग न्यूयॉर्कला जाऊन रस्क यांच्या संस्थेत शिकल्या, परत आल्या आणि वेल्लोरला या शाखेचा विभाग सांभाळला. तेथील पुनर्वसन केंद्र १९६६ साली सुरू झाले. १९७२ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

आणि मुंबईत? हाजी अलीच्या दर्ग्यावर आपण कितीदा तरी जातो. त्याच परिसरात १९५५ सालापासून, संयुक्त राष्ट्रांच्या साहाय्याने उभी राहिलेली अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था आहे. दुवा मागून परतताना तिच्या फाटकाकडे आपली नजर जाते काय?

विद्यार्थी मित्रांनो, एम.बी.बी.एस.नंतर या विषयाची एम.डी. तीन वर्षांची असते. स्नायू व मज्जातंतूंची तपासणी, कृत्रिम पाय व कॅलिपर ठरवणे, मणक्याच्या रुग्णाला शय्याव्रणांपासून वाचवणे, अर्धांगवायू झालेल्याला चालते करणे, हे सारे त्यात येते. फिजिओथेरपिस्ट, कृत्रिम अवयव बनवणारे तंत्रज्ञ, समाजसेवक या सर्वांना बरोबर घेऊन चालायलाही शिकावे लागते. इतर डॉक्टर विचारतात, "काय झाले आहे?" हा डॉक्टर आणखी विचारतो, "उद्या हा माणूस काय करू शकेल?"

हा प्रश्न वेळेवर न विचारल्याने काय होते, ते मी पाहिले आहे. माझ्या वर्गातील एका हुशार मुलाच्या वडिलांना अर्धांगवायू झाला. जीव वाचला. "आता घरी न्या" एवढेच रुग्णालयात सांगण्यात आले. घरच्यांनी अल्लाची मर्जी म्हणून त्यांना खाटेवर ठेवले. मुलगा नववीतून उठून गॅरेजवर कामाला लागला. दोन वर्षांनी कोणीतरी योग्य डॉक्टर सुचवला. तोवर हाताची बोटे आखडून गेली होती. तरी ते गृहस्थ काठीच्या आधाराने चालू लागले, दुकानात बसू लागले. मुलगा मात्र शाळेत परतला नाही. मीही त्या दोन वर्षांत एकदाच त्यांच्या घरी गेलो होतो आणि सबुरीचे दोन शब्द बोलून परतलो होतो. मला तरी त्या वेळी कुठे ठाऊक होते?

सब्र हा आपल्या धर्माचा दागिना आहे. पण सब्र म्हणजे हात बांधून बसणे नव्हे. हजरत अब्दुल्ला इब्न उम्मे मकतूम अंध होते. पैगंबर साहेबांनी त्यांना घरात बसवले नाही. अजान देण्याचे काम दिले, आणि स्वतः बाहेर जाताना मदिनेची जबाबदारीही सोपवली.

म्हणून पालकहो, घरात कोणी खाटेला खिळले असेल, मूल उशिरा चालत असेल, तर या शाखेच्या डॉक्टरांकडे लवकर जा. आणि विद्यार्थ्यांनो, तुमच्यापैकी एखादा तरी हा डॉक्टर व्हा. त्या मुलाची शाळा सुटली. दुसऱ्या कोणाची सुटू नये.