परळीचा वैजनाथ आणि पोथीतला भूगोल

आज आपण सिरसाळ्यात जमलो आहोत. हे परळी तालुक्यातलंच गाव, म्हणून विषयही जवळचा घेऊ. धर्मग्रंथात आलेली ठिकाणं आजच्या नकाशावर कशी शोधतात आणि शोधताना आपण कुठे घसरतो, हे वैजनाथाच्या निमित्ताने पाहू.

हा प्रश्न जगभर आहे. अमेरिकेत १८३० मध्ये जोसेफ स्मिथ यांनी 'बुक ऑफ मॉर्मन' प्रसिद्ध केलं. त्यात झाराहेम्ला नावाचा प्रदेश आहे, दोन भूभागांना जोडणारी जमिनीची चिंचोळी पट्टी आहे. ती कुठली? मानणाऱ्यांपैकी कोणी मध्य अमेरिका सांगतात, कोणी उत्तरेतल्या मोठ्या सरोवरांचा परिसर. ग्रंथ एक, नकाशे अनेक. आपल्याकडेही इंदूरचे सरदार माधवराव किबे यांनी रावणाची लंका अमरकंटकाजवळ असल्याचं मांडलं होतं.

आता परळी. बारा ज्योतिर्लिंगांची नावं सांगणारं एक छोटं स्तोत्र घरोघरी म्हटलं जातं. त्याच्या आपल्याकडच्या पाठात वैद्यनाथापाशी सरळ 'परळी' हे नाव येतं. पण शिवपुराणाच्या कोटिरुद्रसंहितेत त्याच जागी 'चिताभूमी' असा शब्द आहे. झारखंडातलं देवघर चिताभूमी म्हणजे आपणच, असं सांगतं. हिमाचलात कांगड्याला बैजनाथ आहे, तेही आपला हक्क सांगतं. म्हणजे एका शब्दाच्या फरकाने देव हजार-बाराशे किलोमीटर सरकतो!

आता शंकराचार्यांच्या नावावर असलेलं दुसरं, मोठं स्तोत्र घ्या. त्यात वैद्यनाथ ईशान्येला आहे असं म्हटलंय. परळी काही देशाच्या ईशान्येला येत नाही. देवघर येतं. इथे आपली बाजू लंगडी पडते, हे मान्य करायला हवं.

पण थांबा. त्याच स्तोत्रात नागनाथ दक्षिणेला सांगितला आहे. हे औंढ्याच्या बाजूने जातं, गुजरातेत द्वारकेजवळच्या नागेश्वराच्या बाजूने नाही. मग औंढ्यासाठी आपण हे स्तोत्र पुढे करतो. समोरचा माणूस शिवपुराण उघडतो. तिथे दारुकावन पश्चिम समुद्रापाशी आहे. हिंगोली जिल्ह्यात समुद्र कुठून आणणार?

गंमत लक्षात आली का? मोठं स्तोत्र प्रमाण धरलं तर औंढा मिळतं आणि परळी जाते. शिवपुराण धरलं तर औंढाही अवघड होतं. परळीपुरतं छोटं स्तोत्र, औंढ्यापुरतं मोठं, असं आपण करतो. समोरचेही तेच करतात. याला संशोधन म्हणत नाहीत, वकिली म्हणतात. २०२३ च्या फेब्रुवारीत आसाम सरकारच्या जाहिरातीत भीमाशंकर ज्योतिर्लिंग गुवाहाटीजवळ दाखवलं गेलं आणि महाराष्ट्रात ओरड झाली. पण शिवपुराणातल्या भीमासुराच्या कथेत सह्याद्रीही आहे आणि कामरूपही आहे. दोघांच्या हातात एकच ग्रंथ!

मग ठिकाण ठरवायचं कसं? त्याचं चांगलं उदाहरण आपल्या शेजारी आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक ग्रंथात भडोचहून दक्षिणेला वीस दिवसांवर पैठण आणि तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर नावाची बाजारपेठ सांगितली आहे. हे तगर कोणतं? कोणी दौलताबाद म्हणे, कोणी जुन्नर. १९०१ मध्ये फ्लीट यांनी ते आजच्या धाराशिव जिल्ह्यातलं तेर असल्याचं दाखवलं. तेर पैठणच्या नेमकं पूर्वेला नाही, आग्नेयेला आहे. तरी निष्कर्ष टिकला. का? नाव जुळलं, अंतर जुळलं, आणि नंतर तेरच्या मातीतून सातवाहन काळातल्या वस्तू निघाल्या, रोमन व्यापाराच्या खुणा निघाल्या. वेगवेगळ्या दिशांनी आलेले पुरावे एकाच जागी भेटले.

पौराणिक ठिकाणांचं असं सहसा होत नाही. देऊळ जुनं असलं तरी तिथे किती शतकं पूजा चालू आहे एवढंच कळतं. ग्रंथकर्त्याच्या मनात तीच जागा होती, हे त्यातून सिद्ध होत नाही. बैजनाथला १२०४ सालचे शिलालेख आहेत. त्यांतून कळतं की गावाचं जुनं नाव कीरग्राम होतं. देवाने गावाचं नाव बदलून टाकलं! म्हणून नुसत्या नावसाम्यावर विसंबू नये.

तर मग परळीचं काय? आम्ही इथे येऊन परळी खोटी असं सांगतोय का? मुळीच नाही. ग्रंथांच्या आधाराने हा वाद कोणाच्याही बाजूने निकालात निघत नाही, एवढंच सांगतोय. अहिल्याबाई होळकरांनी परळीच्या मंदिराचा जीर्णोद्धार केला, तेव्हा त्यांनी देवघरशी खटला जिंकून मग चिरे बसवले नाहीत. लोक येत होते, देव जागता होता, म्हणून देऊळ उभं केलं. हा परळीचा इतिहास आहे आणि तो कोणत्याही पाठभेदाने पुसला जात नाही.

आपल्याकडून एकच अपेक्षा. उद्या कोणी विचारलं, खरं वैद्यनाथ कोणतं, तर रागावू नका. कोणता ग्रंथ, कोणता पाठ, कोणती दिशा, हे त्याच्यासोबत बसून बघा. आणि जो नियम देवघरला लावाल तोच परळीला लावा. तुमच्या आजी-आजोबांनी परळीच्या वारीबद्दल काय सांगितलं, तेही लिहून ठेवा. तो पुरावा आज हाताशी आहे, उद्या नसेल.

इथे थांबतो. आता आपले प्रश्न घेऊ.