भाग: वाईटाला उत्तर काय? टिळकांच्या घरातून शोधलेलं

मी तिसगावातून बोलतोय. नगर-पाथर्डी रस्त्यावरचं आमचं गाव. आज प्रश्न जरा अवघड आहे. कुणी आपलं वाईट केलं, तर आपण काय करायचं? परतफेड? की गप्प बसायचं?

आपल्याच जिल्ह्यात राहिलेल्या एका जोडप्याने याचं तिसरं उत्तर जगून दाखवलं. रेव्हरंड ना. वा. टिळक आणि लक्ष्मीबाई.

टिळकांचा जन्म 1861चा, कोकणातला, चित्पावन घरातला. आगगाडीच्या प्रवासात एका गोऱ्या माणसाने त्यांना बायबल दिलं. त्यातल्या डोंगरावरील प्रवचनाने ते हलले. शत्रूवरही प्रीती करा, असं सांगणारा येशू पुढे वधस्तंभावर मारणाऱ्यांसाठीच क्षमा मागतो. जे बोलला, ते मरतानाही पाळलं. टिळकांना हे भिडलं. 10 फेब्रुवारी 1895ला मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

पण याची किंमत कुणी मोजली? लक्ष्मीबाईंनीसुद्धा! नवरा 'बाटला', संसार मोडला, लोकांची बोलणी खावी लागली. काही वर्षांनी त्या टिळकांकडे परत आल्या, पण सोवळं सोडलं नाही. पाणी वेगळं, स्वयंपाक वेगळा. टिळक तापट होते, तरी धर्माच्या बाबतीत त्यांनी बायकोवर सक्ती केली नाही. मला वाटतं, खरी परीक्षा इथेच होती. जगावर प्रेम करणं सोपं असतं, घरातल्या न पटणाऱ्या माणसावर अवघड!

मग एक दिवस लक्ष्मीबाईंनाच प्रश्न पडला: ही जात देवाने केली की माणसाने? उत्तर आतून मिळालं आणि त्यांनी कुणाच्याही हातचं खायचं ठरवलं. 1900 साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. पुढे त्यांच्या घरात गरीब, अनाथ मुलं वाढली. बालकवी ठोंबरेसुद्धा तिथे राहिले, धर्म न बदलता.

आता तुम्ही विचाराल, क्षमा म्हणजे अन्याय सोसणं का? नाही. टिळकांनी जातीभेदाला वाईटच म्हटलं, पण जात पाळणाऱ्या माणसांचा द्वेष केला नाही. अभंग, भजन, कीर्तन सोडलं नाही, तुकोबांवरचं प्रेमही सोडलं नाही. आणि हेही खरं, की नुसता धर्म बदलून जात गेली नाही. ख्रिस्ती समाजातही ती उरली. म्हणजे हे काम एका बाप्तिस्म्याने संपत नाही, रोज करावं लागतं.

वधस्तंभाचा अर्थ मला असा कळतो: वाईट माझ्यापर्यंत आलं, पण मी ते पुढे ढकलणार नाही. दुखेल, पण साखळी इथेच तुटेल.

लक्ष्मीबाईंचं 'स्मृतिचित्रे' नक्की वाचा. एवढं सोसूनही त्यात कडवटपणा नाही, उलट हसू येतं. तुमच्या आयुष्यातली अशी कुठली साखळी तुम्हाला तोडता येईल, याचा विचार करा. भेटू पुढच्या भागात!