एका अंड्याला तीन आचारी
आता जरा सॅव्हॉयच्या मुदपाकखान्यात डोकावू. लंडनचं हे आलिशान हॉटेल १८८९ सालचं. पुढच्याच वर्षी तिथे व्यवस्थापक म्हणून सेझार रिट्झ आले आणि मुख्य आचारी म्हणून ऑग्युस्त एस्कॉफिए. ‘मेयरबेअर अंडी’ हा फ्रेंच पदार्थ घ्या. एकट्या आचाऱ्याला त्याला पंधरा मिनिटं लागायची. एस्कॉफिए यांनी काम वाटून दिलं: एकानं अंडी करायची, दुसऱ्यानं मेंढीचा गुर्दा भाजायचा, तिसऱ्यानं ट्रफलचा सॉस करायचा. ताट काही मिनिटांत टेबलावर! बाहेर रेशीम, निवांतपणा. आत मात्र कारखानाच. आम्हाला वाटतं, गिऱ्हाईक पैसे मोजत होतं ते या न दिसणाऱ्या घाईचेच. अख्खा पदार्थ एकहाती करणारा आचारी मात्र आता एका सॉसपुरता उरला.