एक्सबॉक्सची किल्ली आणि स्वयंसेवकांचे संगणक

जानेवारी २००३ मध्ये ‘निओ प्रोजेक्ट’ या स्वयंसेवकांच्या गटाने मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स या खेळयंत्राची गुप्त किल्ली शोधण्याचे काम हाती घेतले. जगभरच्या घरांतले संगणक बराच वेळ रिकामे बसलेले असतात. तो वेळ इंटरनेटवरून गोळा करून एका प्रचंड गणितासाठी वापरायचा, असा बेत होता. थोड्याच दिवसांत कायदेशीर कारणे देऊन गटाने ही मोहीम थांबवली. मोहीम चालू राहिली असती तरी किल्ली सापडली नसती. पण असा प्रयत्न करून पाहावा असे वाटण्यामागे दहा वर्षांचा इतिहास होता.

त्याची सुरुवात १२९ अंकी एका संख्येपासून होते. आरएसए पद्धतीत दोन मोठ्या मूळ संख्यांचा गुणाकार जगजाहीर असतो. त्याचे अवयव पाडता आले की खाजगी किल्ली हाती येते. १९७७ मध्ये मार्टिन गार्डनर यांच्या ‘सायंटिफिक अमेरिकन’मधील सदरात ही संख्या आव्हान म्हणून छापली गेली. तिचे अवयव पाडायला सुमारे चार कोटी अब्ज वर्षे लागतील, असा अंदाज तेव्हा दिला होता. प्रत्यक्षात १७ वर्षे पुरली. १९९४ मध्ये सुमारे ६०० स्वयंसेवकांनी १,६०० यंत्रे वापरून आठ महिन्यांत काम उरकले. त्या यंत्रांत दोन फॅक्स मशिनेही होती! या गणिताचा सर्वांत वेळखाऊ भाग चाळणीचा. त्याचे तुकडे पाडून वाटता येतात आणि एकाचे काम दुसऱ्यासाठी अडत नाही. शेवटची जुळणी मात्र एकाच मोठ्या यंत्रावर करावी लागते.

दुसरी वाट होती एकेक किल्ली लावून पाहण्याची. ‘डिस्ट्रिब्युटेड डॉट नेट’ने १९९७ मध्ये ५६ बिटांची आरसी५ किल्ली अशीच शोधली. त्यानंतरच्या ६४ बिटांच्या किल्लीसाठी १,७५७ दिवस लागले आणि ३,३१,२५२ जणांनी आपले संगणक दिले. १४ जुलै २००२ रोजी टोकियोतल्या एका साध्या पेंटियम-३ संगणकाने योग्य किल्ली पाठवली. सर्व्हरवरच्या प्रणालीत बिघाड असल्याने आयोजकांना त्याचा पत्ता ऑगस्टपर्यंत लागला नाही. आठ बिट वाढले म्हणजे काम २५६ पट वाढते. हा हिशेब उत्साहाच्या भरात अनेकांच्या ध्यानात राहिला नाही.

एक्सबॉक्स अमेरिकेत नोव्हेंबर २००१ मध्ये बाजारात आला. ७३३ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर, हार्ड डिस्क आणि किंमत २९९ डॉलर. म्हणजे आतून तो जवळजवळ स्वस्त संगणकच होता. मायक्रोसॉफ्टची कमाई खेळांच्या परवान्यांतून होणार असल्याने कंपनीच्या डिजिटल सहीविना कोणताही प्रोग्राम चालणार नाही, अशी तजवीज केली होती. सही तपासण्यासाठी २०४८ बिटांची, म्हणजे ६१७ अंकांची संख्या यंत्रातच होती. एमआयटीतील अँड्र्यू ‘बनी’ हुआंग यांनी २००२ मध्ये दोन चिपांमधल्या तारांवरून जाणारी माहिती टिपून यंत्र सुरू करणारी गुप्त किल्ली मिळवली. पण ती वेगळी किल्ली होती. तिच्या आधारे लिनक्स चालवायचे तर यंत्र उघडून त्यात वेगळी चिप बसवावी लागे. लिंडोज कंपनीचे मायकेल रॉबर्टसन यांनी दोन लाख डॉलरांचे बक्षीस ठेवले होते. त्यातला एक लाखाचा भाग यंत्राला हात न लावता लिनक्स चालवणाऱ्यासाठी होता. निओ प्रोजेक्टची नजर त्यावर होती.

हा गट त्याआधी ५७६ बिटांच्या आरएसए संख्येमागे लागला होता. ती संख्या डिसेंबर २००३ मध्ये जर्मनीतील बॉन येथील गणितज्ञांच्या चमूने फोडली. जाहीर विक्रम २०२० मध्ये ८२९ बिटांवर पोचला. त्याला एका प्रोसेसर-गाभ्याची सुमारे २,७०० वर्षे भरतील इतके गणित लागले. आज ठाऊक असलेल्या उत्तम पद्धतीने २०४८ बिटांसाठीचे काम त्याच्या अब्जावधी पट भरते. स्वयंसेवक दुप्पट झाले काय किंवा हजारपट झाले काय, हे अंतर तुटणारे नव्हते.

तिढा सुटला तो वेगळ्याच बाजूने. मार्च २००३ मध्ये ‘००७: एजंट अंडर फायर’ या खेळातली एक चूक उघडकीस आली. साठवलेला डाव वाचताना हा खेळ माहितीची लांबी तपासत नसे. त्यामुळे मुद्दाम बिघडवलेली फाइल दिली की तिच्यातली आज्ञावली चालू लागे. खेळावर अस्सल सही असल्याने यंत्राची काहीच हरकत नसे. पुढे ‘मेकअसॉल्ट’मध्येही तसाच दोष सापडला, आणि तो खेळ तर खुद्द मायक्रोसॉफ्टने प्रकाशित केलेला होता.

किल्ली आखूड असेल तर सामुदायिक गणित चालते, हे २००९ मध्ये दिसले. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या टीआय-८३ प्लस गणकयंत्राची ५१२ बिटांची किल्ली एका हौशी माणसाने घरच्या संगणकावर सुमारे अडीच महिन्यांत फोडली. त्याच कंपनीच्या इतर गणकयंत्रांच्या किल्ल्या मग स्वयंसेवकांनी काम वाटून घेऊन थोड्याच काळात मिळवल्या. कंपनीने कायदेशीर नोटिसा पाठवल्या, पण तोवर आकडे सर्वत्र पसरले होते.

खेळयंत्रांच्या लांब किल्ल्यांवर मात्र ही युक्ती कधीच चालली नाही. डिसेंबर २०१० मध्ये बर्लिनच्या एका परिषदेत प्लेस्टेशन ३ बद्दल जे सांगितले गेले, ते सोनीसाठी फारच लाजिरवाणे होते. प्रत्येक सहीसाठी नवी यादृच्छिक संख्या घ्यायची असते. सोनीने दर वेळी तीच वापरली होती. त्यामुळे दोन सह्या समोर ठेवून थोडे बीजगणित केले की खाजगी किल्ली निघत असे, आणि त्यासाठी एक साधा संगणक पुरत होता.