होकार कोणाचा? रुग्णसंमतीच्या विचाराचा तौलनिक इतिहास

रुग्णाच्या देहावर कोणते उपचार व्हावेत हे ठरविण्याचा अधिकार रुग्णाचाच, ही आज स्वयंसिद्ध भासणारी कल्पना इतिहासात उशिराच आकाराला आली. तिच्यात दोन प्रश्न सामावलेले आहेत : होकार कोणाचा, आणि तो कोणत्या माहितीच्या बळावर? या दोन प्रश्नांची उत्तरे एकाच वेळी मिळालेली नाहीत, हे भारतीय अनुभवातून विशेषत्वाने दिसते.

या अनुभवाची पूर्वपीठिका वसाहतकाळात आहे. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोग कायदा संमत झाला. पुण्यात रँड यांच्या अध्यक्षतेखालील प्लेग समितीने सैनिकांकरवी घरांच्या झडत्या घेतल्या. रुग्णांना सक्तीने इस्पितळात, तर त्यांच्या निकटवर्तीयांना छावण्यांत हलविण्यात आले. या सक्तीविरुद्धच्या लेखनाचा भर घराचे पावित्र्य, धर्माचार आणि स्त्रियांची अब्रू यांवर होता. पंडिता रमाबाईंनी ‘बॉम्बे गार्डियन’ला लिहिलेल्या पत्रात प्लेगच्या इस्पितळातील स्त्रियांच्या सुरक्षिततेचा प्रश्न उपस्थित केला. सत्तेसमोर कुटुंब आणि समाज उभे राहिले. रुग्णाची स्वतःची इच्छा हा युक्तिवादाचा आधार मात्र क्वचितच झाला.

पुढे अकरा वर्षांनी, १९०८ मध्ये, न्यूयॉर्कच्या एका रुग्णालयात एका स्त्रीने ईथरच्या गुंगीत तपासणी करण्यास अनुमती दिली, शस्त्रक्रियेस मात्र नकार दिला. तरीही तिच्या देहातील गाठ काढण्यात आली. १९१४ च्या निकालात न्यायाधीश कार्डोझो यांनी सज्ञान व सुबुद्ध व्यक्तीचा स्वतःच्या देहावरील अधिकार निःसंदिग्ध शब्दांत मांडला. धर्मादाय रुग्णालय म्हणून संस्थेवर दायित्व मात्र आले नाही. वादी हरली आणि तिच्या पराभवातून निघालेले तत्त्व टिकले, हा या खटल्याचा विरोधाभास होय.

दिल्लीत १९९५ मध्ये जवळजवळ हेच घडले. चव्वेचाळीस वर्षांच्या एका अविवाहित स्त्रीने दुर्बिणीद्वारे तपासणीसाठी संमतिपत्रावर सही केली. ती भुलेखाली असताना बाहेर बसलेल्या तिच्या आईची संमती घेऊन तिचे गर्भाशय आणि अंडाशय काढण्यात आले. १६ जानेवारी २००८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ही संमती अग्राह्य ठरविली. रुग्ण सज्ञान होती, तातडीचा धोका नव्हता आणि ती शुद्धीवर येईपर्यंत थांबणे शक्य होते. अशा स्थितीत आईचा होकार मुलीचा होकार होऊ शकत नाही. शुल्काची मागणी फेटाळून न्यायालयाने पंचवीस हजार रुपयांची भरपाई दिली.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर असे निर्विवाद मिळाले. दुसऱ्या प्रश्नाबाबत मात्र न्यायालय सावध राहिले. कोणती माहिती द्यावी हे रुग्णाच्या गरजेवरून ठरविणारा अमेरिकी निकष त्याने बाजूला ठेवला. भारतातील दारिद्र्य, वैद्यकीय सेवेची स्थिती आणि डॉक्टरांवरील विश्वास यांचा विचार करून, वैद्यक व्यवसायातील प्रचलित रीतीला प्रमाण मानणारा इंग्लंडमधील १९८५ च्या निकालाचा निकष त्याने स्वीकारला. पुढे २०१५ मध्ये, प्रसूतीतील धोक्याची माहिती न मिळालेल्या एका स्त्रीच्या स्कॉटलंडमधील खटल्यात, ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयानेच तो निकष सोडून दिला. विचार ज्या भूमीतून आला तेथे तो मावळला, तरी २००८ च्या निकालात तो नोंदलेलाच राहिला.

यानंतरच्या भारतीय कायद्यात रुग्णाचा शब्द आगाऊ नोंदविण्याची सोय झाली. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ याने आगाऊ निर्देश देण्याचा आणि प्रतिनिधी नेमण्याचा अधिकार दिला. ९ मार्च २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जीवनाच्या अखेरच्या टप्प्यातील उपचारांविषयीच्या आगाऊ निर्देशास मान्यता दिली आणि जानेवारी २०२३ मध्ये त्याची किचकट प्रक्रिया सुलभ केली. दंडाधिकाऱ्याऐवजी नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर तो करता येऊ लागला.

या व्यवस्थेत नातेवाइकाचा आवाज लोप पावत नाही. त्याचे स्थान बदलते. १९९५ मध्ये आई मुलीच्या जागी बोलली, कारण तिला तसे विचारण्यात आले. आगाऊ निर्देशात नमूद केलेली व्यक्ती बोलते ती रुग्णाने तिच्यावर तो भार सोपविला म्हणून. मात्र तो निर्देश लिहिणाऱ्याला आपल्या आजाराविषयी किती सांगितले गेले होते, हा दुसरा प्रश्न त्या कागदावरही तसाच उरतो.