बॉस्टनचा बर्फ

मे १८३३मध्ये ‘टस्कनी’ हे जहाज बॉस्टनहून कोलकात्याला निघालं. पोटात १८० टन बर्फ. फ्रेडरिक ट्यूडर या व्यापाऱ्याचा हा माल, न्यू इंग्लंडच्या गोठलेल्या तळ्यांतून करवतीने कापलेला. दोनदा विषुववृत्त ओलांडून सप्टेंबरात जहाज हुगळीत शिरलं, तेव्हा सुमारे १०० टन शिल्लक होता!

याचं सगळं श्रेय लोक बर्फाभोवती भरलेल्या भुशाला देतात. भुसा होताच; पण मी जन्मभर शाळेत पदार्थविज्ञान शिकवलं, माझं मत बर्फाच्या पारड्यात. बर्फात पाण्याचे रेणू षटकोनी जाळीत एकमेकांना धरून जागच्या जागी थरथरत असतात. बाहेरून आलेली उष्णता ही पकड सैल करण्यातच खर्ची पडते, तापमापकातला पारा शून्यावर ठाण मांडून बसतो. एक ग्रॅम बर्फ वितळवायला ८० कॅलरी लागतात. तेवढ्यात तेच पाणी शून्यावरून ८० अंशांपर्यंत तापलं असतं. सुटलेले रेणू मग एकमेकांवरून घसरू लागतात, तेही आधीपेक्षा दाटीने; म्हणून तर बर्फ पाण्यावर तरंगतो. हा अप्रकट उष्मा स्कॉटलंडच्या जोसेफ ब्लॅकने अठराव्या शतकातच ओळखला होता.

शिवाय आकार. बंगालचा देशी बर्फ म्हणजे थंडीच्या रात्री उथळ मातीच्या भांड्यांत धरलेली पातळ साय. तिला उष्णता चहूकडून भिडणार. ट्यूडरचे ठोकळे एकमेकांना खेटून रचलेले, झळ फक्त बाहेरच्या थराला. मुंबईच्या ससून डॉकवर बर्फाची लादी अख्खी आणतात आणि माशांवर टाकायच्या वेळीच फोडतात, ते याचसाठी. आधीच चुरा केला की बघता बघता पाणी.

१८३४मध्ये बर्फ मुंबईला आला. जमशेटजी जीजीभॉय यांनी मेजवानीत आइस्क्रीम वाढलं आणि यजमान-पाहुणे सगळ्यांना पडसं झालं, अशी बातमी ‘मुंबई समाचार’ने दिल्याचं सांगतात. पडशाचं खापर बर्फावर फोडायची आपली खोड इतकी जुनी!

मद्रासला समुद्रकाठी १८४२मध्ये ट्यूडरचं बर्फाचं कोठार उभं राहिलं. पुढे वाफेच्या यंत्रांनी इथेच बर्फ बनू लागला आणि एवढ्या लांबून तो आणण्यात काही राम उरला नाही. मद्रासच्या त्या इमारतीत १८९७मध्ये स्वामी विवेकानंद नऊ दिवस राहिले. आता तिचं नाव विवेकानंद हाऊस. मुंबईतही असं बर्फघर होतं, ते मात्र पाडून टाकलं.